बॉलकडे न पाहणारे तितिरमारे सर

बास्केटबॉलच्या सामन्यात बॉलकडे न पाहणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो पंच होता.

तितिरमारे सर तुमसरच्या एका शाळेत पीटी शिकवायचे. आडनावावरून वाटावं की या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या तितरांची कत्तल केली असेल. सरांकडे पाहिलं की वाटायचं, तितरांनी त्याचा सूड घेऊन झालेला आहे. उंची जेमतेम साडेपाच फूट, अंगावर मांस कामापुरतं, पांढरी पँट बेल्टनं चुण्या पाडून आवळलेली. तरीही रिंगखाली दोन धिप्पाड गडी एकमेकांवर रेलून उभे असले आणि सर दोन पावलं सरकून बाजूला येऊन थांबले, की दोघांचे हात आपोआप वर जायचे. तपासणीला साहेब आल्यावर मुख्याध्यापक खुर्चीतून उठतात ना, तसे.

मी लाखनीत विज्ञान शिकवतो. कॉलेजात असताना दोन वर्षं बास्केटबॉल खेळलो होतो, एवढ्या पापासाठी मला जिल्ह्यातल्या स्पर्धांमध्ये सरांच्या जोडीचा दुसरा पंच म्हणून नेमण्यात आलं. पुढची नऊ वर्षं, दर हिवाळ्यात, मी भीत काढली. मला प्रेक्षकांची भीती वाटायची, संघांबरोबर आलेल्या काकांची आणि मामांची वाटायची, मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या म्हशीचीही वाटायची. पण सगळ्यात जास्त भीती सरांची. माझ्या चुकलेल्या शिट्टीवर ते काही बोलायचे नाहीत. नुसते माझ्याकडे बघून डोळे मिटायचे. तेवढ्यानं मला दोन दिवस जेवण जायचं नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रिंगकडे पाठ करून, पाय फाकवून, हात वर करून बॉल मागत उभा राहतो तो पोस्टचा खेळाडू. उंच आणि वजनदार. त्याच्या पाठीला छाती लावून समोरच्या संघाचा तसाच दुसरा उभा असतो. बाकीचे आठ जण पळत असतात, हे दोघं रेटत असतात. आणि त्या रेटण्यात न्याय काय नि अन्याय काय, हे ठरवणं म्हणजे पंचाचं मरण. अंग लागू द्यायचं, पण किती? प्रत्येक स्पर्शाला शिट्टी मारली तर सामना पुढे सरकत नाही. नाही मारली तर कुणाचा तरी दात खाली पडतो.

मला हे शिकवायला सरांनी एका रविवारी तुमसरला बोलावलं. रिकाम्या मैदानावर मला रिंगखाली उभं केलं, माझ्याकडे पाठ वळवली आणि मागे रेलले. हाडांची मोळी अंगावर यावी तसं वाटलं.

"आता मी तुमाले रेटून राहिलो, गुरुजी. सांगा, फाऊल कवा होते?"

मी म्हणालो, मी पडलो की.

"तुमी पडले म्हणजे पंच झोपला होता."

मग त्यांनी समजावलं. दोन शेजाऱ्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं असतात, मध्ये मातीचा बांध असतो, तो धुरा. धुरा दोघांचा. दोघंही त्यावर उभे राहू शकतात, बसून भाकरी खाऊ शकतात, खांद्याला खांदा लागला तरी कुणाची तक्रार नाही. पण एखादा गडी असा निघतो की तो दरवर्षी पावड्यानं धुरा आपल्या बाजूनं चार बोटं कोरतो. सगळ्यांसमोर भरदुपारी कधी कोरत नाही. शेजारी बाजाराला गेला की कोरतो. पोस्टमध्ये हेच चालतं. छाती पाठीला लागली, तो धुरा. त्याला शिट्टी नाही. पण कोपर बरगडीत गेलं, मांडी समोरच्याच्या गुडघ्याच्या खळगीत गेली, हातानं हात बगलेत दाबून धरला, की धुरा कोरला. आणि कोरणारा तो कोरतो कधी? सगळ्यांचे डोळे बॉलवर असतात तेव्हा.

"म्हणून आपण बॉलकडे पाहायचं नाही," सर म्हणाले. "बॉल पाहाले अख्खं गाव बसलं आहे. तुमी कंबर पाहा."

हा दृष्टान्त आमच्या जिल्ह्यात इतका चपखल बसायचा की काय सांगू. शहरातून आलेले पंच नियमाचं पुस्तक उघडून वाद घालायचे आणि लोक त्यांच्या अंगावर धावून जायचे. सर मात्र तावातावानं आलेल्या माणसाला एवढंच म्हणायचे, "भाऊ, त्यानं धुरा कोरला." माणूस गप्प व्हायचा. कारण निम्म्यांचे धुरे कुणी ना कुणी कोरलेले होते, आणि उरलेल्या निम्म्यांनी ते कोरलेले होते.

त्यांच्या पद्धती नियमाच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाहीत. एकदा नाकाडोंगरीच्या स्पर्धेत खाणीवर काम करणारा एक पोस्टचा गडी, आवाज असा की सुरुंग उडावा, सरांकडे येऊन रडक्या चेहऱ्यानं म्हणाला की समोरचा मला चिमटे घेतो. समोरचा म्हणाला, यानंच आधी घेतला. सरांनी सामना थांबवला. दोघांना गुणलेखकाच्या टेबलासमोर उभं केलं आणि हात पुढे करायला लावले. मग बालवाडीच्या बाईंसारखी एकेक नख तपासलं. टेबलावर पेन्सिलीला टोक काढायचं ब्लेड होतं. पुढची दहा मिनिटं तीनशे माणसांसमोर ते दोन राक्षस खाली मान घालून नखं कापत बसले होते. प्रेक्षकांमध्ये त्यांच्या बायकाही होत्या. त्यानंतर त्या स्पर्धेत कुणी कुणाला चिमटा घेतला नाही. काही गड्यांनी तर सामन्याआधी स्वतःहून हात दाखवले.

सर सामनाभर हात पाठीमागे बांधून फिरायचे. फक्त इशारा करायला हात बाहेर यायचा आणि लगेच मागे जायचा. काय तो रुबाब वाटायचा. जिल्ह्यातले सगळे तरुण पंच तसंच करायला लागले होते. मीही करून पाहिलं, तोल जाऊन पडलो.

त्या हातांचं खरं कारण मला चौथ्या वर्षी कळलं. सामन्याआधी सर दिसेनात म्हणून शोधत गेलो, तर शाळेच्या टाकीमागे उन्हात उभे होते. दोन्ही तळहात तापलेल्या भिंतीला लावलेले. बोटं थरथरत होती. मला वाटलं, ताप आला असेल.

"ताप नाही, गुरुजी. भेव," सर म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. तितिरमारे सरांना भीती? कुणाची? तेव्हा त्यांनी भिंतीकडेच तोंड ठेवून सांगितलं. पंचगिरी सुरू केली त्या काळात एका सामन्यात पोस्टचे दोन गडी रेटत होते आणि सर बॉलकडे पाहत होते. एक खाली पडला, हाताच्या भारावर. तुराटी मोडल्यासारखा आवाज आला. त्या माणसाचा हात नंतर कोपरात कधी सरळ झाला नाही. नियमाप्रमाणे सरांची काही चूक नव्हती, सगळे तसंच म्हणाले. तेव्हापासून दर सामन्याआधी बोटं गार पडायची आणि थरथरायची. म्हणून ती पाठीमागे.

हे ऐकून मला धीर यायला हवा होता. उलट माझी भीती दुप्पट झाली. इतकी वर्षं मी ज्या झाडाला धरून पुरात उभा होतो, ते झाडच वाहून चाललं होतं.

आता त्या अंतिम सामन्याकडे येतो. लाखनीतच होता, आमच्या हायवेलगतच्या मैदानावर, लाखनी विरुद्ध तुमसर, दुपारी चारचा. लाखनीचा पोस्ट होता बालू. ट्रक चालवायचा, चेंडू धरायचा तोही स्टिअरिंग धरल्यासारखा. तुमसरकडून बपेऱ्याचा देवेंद्र. सत्तावीस वर्षांचा, उंच, शेवग्यासारखा, आणि डाव्या गुडघ्याला पट्टी. सामन्याआधी त्यांचा कोच सरांकडे आला आणि हळूच म्हणाला की पोराची पुढच्या सोमवारी पोलीस भरतीची धाव आहे. दोनदा थोडक्यात हुकलंय, वयाचीही आता अडचण होईल. गुडघा कसाबसा बरा झालाय, पण दुसरा पोस्टच नाही म्हणून उतरवावं लागतंय. "बालूवर जरा लक्ष ठेवजा, सर."

सरांनी त्याला थंडपणे सांगितलं, "माह्या शिट्टीले भरती-बिरती मालूम नाही. दोन्ही बाजूनं एकच माप राहील."

कोच गेला. सरांचे हात पाठीमागे गेले. मी मागेच उभा होतो. बोटं पाहिली आणि ओळखलं, आज काही तरी होणार.

बालू वाईट माणूस नव्हता, पण त्याला त्या पट्टीचा सुगावा लागला होता. देवेंद्र पाठ करून उभा राहिला की बालूची मांडी बरोब्बर डाव्या गुडघ्यामागच्या खळगीत जायची. सर कंबर पाहत होते. एक फाऊल दिला, दुसरा दिला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये चौथा दिला, तेव्हा मैदानाभोवतीच्या दोरीला धरून उभं असलेलं अख्खं लाखनी पुढे सरकलं. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. बालू बाहेर म्हणजे सामना गेला. इकडे देवेंद्रचेही धक्काबुक्कीत चार झाले होते.

सर तुमसरचे. सामना संपला की स्कूटरवर बसून निघून जाणार. मी राहतो लाखनीत. दोरीपाशी दात-ओठ खात उभे असलेले सगळे माझ्या ओळखीचे होते. वाणी, विद्यार्थ्यांचे बाप, दूधवाला. एक जण माझ्या कानाशी वाकून अगदी मऊ आवाजात म्हणाला, "गुरुजी, घरी जायचा रस्ता हाच आहे ना तुमचा?" वळून पाहिलं तर माझा न्हावी. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी दाढी त्याच्याकडे होती.

शेवटचं मिनिट. तुमसर एका गुणानं पुढे. देवेंद्र रिंगजवळ पाठ करून उभा, बालू त्याला चिकटून, बॉल हवेत त्यांच्याकडे येत होता. मी कुठं पाहत होतो हे आज पहिल्यांदाच लिहितो. मी बॉलकडे पाहत होतो.

शिट्टी वाजली. सरांची मूठ वर गेली.

मैदान असं गप्प झालं की हायवेवरच्या ट्रकचे ब्रेक ऐकू आले. सगळ्यांना वाटलं, बालूचा पाचवा. दोरी ताणली गेली. मी डोळ्यांनी घरापर्यंतचं अंतर मोजलं. मग सरांनी टेबलाकडे वळून बोटांनी नंबर दाखवला, आणि तो देवेंद्रचा होता. त्यानं बालूचा हात बगलेत दाबून धरला होता. पाचवा फाऊल. देवेंद्र बाहेर.

देवेंद्र जाऊन बसला आणि तोंडावर टॉवेल ओढून घेतला. लाखनीनं पुढच्या अर्ध्या मिनिटात सामना जिंकला. लोकांनी बालूला खांद्यावर घेतलं, ते त्यांना दहा पावलंही झेपलं नाही. तुमसरची माणसं सरांना विकला गेलेला माणूस म्हणाली. ते सरांनी ऐकून घेतलं. पण माझा न्हावी हार घेऊन आला आणि सरांना म्हणाला, "सर, लाखनीची लाज राखली तुमी." तेव्हा सरांचा चेहरा असा झाला की न्हाव्यानं हार माझ्याच गळ्यात घातला आणि निघून गेला.

व्हिडिओ कुणीतरी काढला होताच. आठवडाभर तो जिल्ह्यातल्या प्रत्येक फोनवर फिरला. त्यात फक्त बालूची पाठ दिसत होती. एवढ्या मोठ्या पाठीआड काहीही होऊ शकलं असतं.

गर्दी पांगल्यावर सर स्कूटरपाशी बराच वेळ उभे राहिले. किक मारली नाही.

"गुरुजी, तो फाऊल होता का?"

मी म्हणालो, होता.

"होता. पण तेवढे-तेवढे तं मी दिवसभरात दहा सोडले असतील. हाच काहून नाही सोडला?" पुढे म्हणाले, "मले बालूची मांडी दिसून राहिली होती. त्या पोराचा गुडघा दिसून राहिला होता. वाटलं, आता मोडते. त्याले बाहेर काढाले मले कारण पाहिजे होतं. मी फाऊल नाही देला. मी भेलो."

मी म्हणालो की सर, पोराचा गुडघा तर वाचला.

"मंग गुडघा वाचवाले डॉक्टर आहे ना. पंच कायले पाहिजे?"

ते निघून गेले, आणि त्यांनी पंचगिरी सोडली. आयोजकांची पत्रं आली, ती त्यांनी परत केली. कारण विचारलं तर सांगायचे नाहीत. लोकांनी आपापली कारणं शोधली. तुमसरवाले म्हणाले, तोंड दाखवायला जागा नाही म्हणून. लाखनीवाले म्हणाले, वय झालं. खरं कारण फक्त मला ठाऊक होतं आणि ते कुणाला सांगायची मला हिंमत नव्हती. पुढची दोन वर्षं मुख्य पंच मी होतो. त्या दोन वर्षांबद्दल मी काही लिहिणार नाही. जखमी झालेल्यांची मी व्यक्तिशः क्षमा मागितली आहे.

तिसऱ्या वर्षी स्पर्धा पुन्हा लाखनीत होती, आणि मी प्रेक्षकांत बसलो होतो. सरांची मुलगी इथंच हायवेपलीकडे दिली आहे. तिच्याकडे आले होते, म्हणून मैदानापर्यंत आले. सदऱ्यात होते, चप्पल घातलेली. मी पहिल्यांदाच त्यांना शिट्टीशिवाय पाहिलं. पोस्टचे दोन गडी रेटत होते, आणि सर मान वळवून दुसरीकडे बघत होते.

दुसरीकडे बंदोबस्ताला एक पोलीस उभा होता. उंच, शेवग्यासारखा.

देवेंद्र भरती झाला आणि पुन्हा कधी खेळला नाही, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. तो सोमवार त्यानं पळून काढला होता. सर उठले आणि सरळ त्याच्याकडे गेले. मी मागोमाग गेलो, कारण मला वाटलं हा पोरगा आता तीन वर्षांचं सगळं काढणार, आणि खाकी कपड्यात काढणार. देवेंद्रनं सरांना पाहिलं, काठी बगलेत मारली आणि पाया पडायला वाकला. सर मागे सरले.

"देवेंद्र, त्या दिवशीचा फाऊल मी द्याले नोको होता," सर म्हणाले. "तुही शेवटची मॅच होती. मी तुले भेऊन काढलं. माफी मागाले आलो."

देवेंद्र गोंधळून माझ्याकडे पाहायला लागला. मीही गोंधळून त्याच्याकडे पाहायला लागलो.

"सर, फाऊल होता," तो म्हणाला. "मी बालूभाऊचा हात धरला होता. जाणून धरला होता."

"जाणून?"

"गुडघ्यात कळ निंगून राहिली होती. मीच बाहेर जातो म्हटलं असतं तं सगळे भेकड म्हटले असते. माहे चार झालेच होते. म्हटलं, पाचवा घेऊन टाकू. पण बाकीचे पंच बॉलकडेच पाहतात." इथं त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, हा त्याचा मोठेपणा. "तुमी पाहान म्हणून धरला."

सरांचे हात पाठीमागे होते. ते पुढे आले.

"मंग तवाच मले काहून नाही सांगितलं, लेका? तीन वर्षं झाली."

"तुमाले भेत होतो, सर."

मी हसलो नाही. हसायला हवं होतं, आज सांगताना मला दरवेळी हसू येतं. पण तिथं आम्ही तिघंही असे उभे होतो की कुणी जरा जोरात बोललं असतं तर रडारड झाली असती. मग अगदी कामाच्या आवाजात सरांनी विचारलं,

"कोणता हात धरला होता त्याचा?"

"डावा."

"डावा," सर म्हणाले. "मले डावाच दिसला होता."

बस. एवढंच. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या आणि मुलीच्या घराकडे निघाले. सामना अर्धा उरला होता, तो त्यांनी पाहिला नाही. पुढल्या हंगामाआधीच सर वारले. तेव्हा हे माझं त्यांना शेवटचं पाहणं.

हायवेवर धानाचे ट्रक एकामागून एक येत होते. सर कडेला जाऊन उभे राहिले. देवेंद्र त्यांच्या पुढे झाला, रस्त्याच्या मधोमध गेला आणि त्यानं एक हात वर केला. पहिला ट्रक थांबला, त्यामागचा थांबला, मग सगळी रांग करकरत थांबली. सरांनी डावीकडे पाहिलं नाही, उजवीकडे पाहिलं नाही. दोन्ही हात मोकळे सोडून, सावकाश, रस्ता ओलांडून गेले.